बंधाऱ्याखालचं पाणी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात जत्राट-भिवशीच्या बंधाऱ्यावर उभं राहिलं की वेदगंगेचं पाणी चहाच्या रंगाचं दिसतं. पाणी अडवणारे बरगे काढून झालेले असतात, वर पाटगावच्या बाजूला पाऊस लागलेला असतो आणि खांबांमधून फुटणाऱ्या पाण्यावर मासे उलट्या दिशेने उड्या घेत असतात. काठावर वीस-पंचवीस माणसं. कुणाच्या हातात गळ, कुणाकडे फेकजाळं, दोघांनी मिळून जुनी मच्छरदाणीच ताणून धरलेली. चड्डीवर, अनवाणी, मांडीभर पाण्यात. अंधार पडायला ही मंडळी परततात तेव्हा मोटारसायकलच्या हँडलला एक प्लास्टिकची पिशवी लटकत असते आणि घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "मासा ताजा हाय न्हवं?"

प्रश्न रास्तच आहे. पण दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: "पाण्यात किती वेळ होतास? पायाला काही लागलंय का?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आधी यायला हवा. कारण मासेमारीतून येणाऱ्या जंतूंचा विचार करताना आपण ताटाला भितो आणि पाण्याला भीत नाही. आपल्या भागात तरी हिशेब उलटा आहे.

ताटाचा हिशेब सोपा आहे. माशाच्या मांसाचा गाभा ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की त्यातले नेहमीचे रोगजंतू मरतात, असं अन्नसुरक्षेचं प्रमाण जगभर वापरतात. आपला रस्सा चुलीवर रटरटतो तो जवळजवळ १०० अंशांना. कच्चा मासा खायची आपल्याकडे रीतच नाही. जपानी किंवा युरोपी स्वयंपाकघराला जी काळजी करावी लागते तिच्यातली निम्मी आपल्या कालवणाने परस्पर मिटवलेली आहे. उरते ती काळजी पातेल्याच्या बाहेरची: पाण्यातल्या पायांची, काटा रुतलेल्या बोटाची, त्या लटकत्या पिशवीची आणि विळीची.

आधी पायांचं बघू.

पहिल्या पावसात नदीचं पाणी चढलं की मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात. ओढ्यातून, नाल्यातून, थेट भाताच्या खाचरापर्यंत. हेच चढणीचे मासे. खानापूर, चंदगड, आजरा, बेळगावचा पश्चिम भाग, सगळीकडे या आठ-दहा दिवसांची लोक वर्षभर वाट बघतात. त्यातच १ जूनपासून ६१ दिवस समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असते, त्यामुळे बाजारातला समुद्राचा मासा कमी आणि महाग झालेला असतो. नदीच्या माशाला मागणी वाढते. (अंडी भरलेली मादी याच दिवसांत जाळ्यात येते आणि पुढच्या वर्षीचा मासा आपण यंदाच खातो, पण ते दुखणं वेगळ्या लेखाचं.)

आता याच दिवसांत पाण्यात आणखी काय काय उतरतं ते बघा. उन्हाळाभर गोठ्यामागे, उकिरड्यावर, उसाच्या फडात साचलेलं सगळं पहिला पाऊस धुऊन नदीत आणतो. उंदरांची बिळं पाण्याने भरतात. ज्येष्ठातल्या कर्नाटकी बेंदराला बैल नदीवर धुतले जातात. म्हशी तर बारा महिने डुंबतच असतात. उंदीर, गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रं यांच्या मूत्रपिंडात एक जंतू बिनबोभाट मुक्काम करून असतो आणि लघवीवाटे बाहेर पडत राहतो. जनावर बहुधा आजारी दिसतही नाही. या जंतूचं नाव लेप्टोस्पायरा, आणि त्याच्यापासून होणारा आजार म्हणजे वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात छापून येणारा 'लेप्टो'.

मुंबईला हा शब्द जुलै २००५ च्या महापुरानंतर घरोघरी कळला. सिंधुदुर्गातही तो ओळखीचा, आणि दक्षिण गुजरातच्या भात-ऊस पट्ट्यात तर पूर्वीपासून. भात आणि ऊस ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हा आजार ऊसतोड कामगारांचा म्हणूनच प्रसिद्ध होता. उसाच्या फडात उंदीर, उंदराची ओली माती, आणि पाल्याने कापलेले हात-पाय. निपाणीपासून सदलग्यापर्यंतचा नदीकाठ डोळ्यांपुढे आणा, आणखी वर्णन करायची गरज नाही.

जंतू दिसायला मोठा डौलदार. बारीक पिळाचा, बुचाच्या स्क्रूसारखा, टोकं आकड्यासारखी वळलेली. जर्मन वैद्य अडोल्फ वाइल यांनी १८८६ साली काविळीसह येणाऱ्या या तापाचं वर्णन केलं, पण कारण सापडायला आणखी तीस वर्षं जावी लागली. पहिलं महायुद्ध चालू असताना जपानच्या क्युशू बेटावर इनाडा आणि इडो या डॉक्टरांनी कोळसा खाणीतल्या कामगारांच्या रक्तात हा जंतू शोधला. जपानी भातशेतकऱ्यांना मात्र हा ताप आधीच माहीत होता. सात दिवसांचा ताप, शरदातला ताप, अशी त्यांची घरगुती नावं होती. खाणीतलं तुंबलेलं पाणी आणि भाताचं खाचर, दोन्हीकडे माणूस अनवाणी आणि सोबत उंदीर. जगभरात वर्षाला सुमारे १० लाख लोकांना हा आजार होतो आणि जवळपास ५९ हजार दगावतात, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला.

लेप्टोस्पायराचा स्वभाव समजून घेतला की निम्मी खबरदारी आपोआप सुचते. त्याला ओल हवी, सावली हवी, ऊब हवी आणि गोडं पाणी हवं. ओल्या मातीत तो काही आठवडे तग धरतो. कोरड पडली, ऊन लागलं, आम्लता वाढली की मरतो. धड कातडीतून तो सहजासहजी आत येत नाही. त्याला चीर लागते, खरचटलेलं लागतं, किंवा डोळा, नाक, तोंड यांचं नाजूक अस्तर लागतं. आणि एक तिसरी वाट आहे, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: तीन-चार तास पाण्यात राहून पांढरी पडलेली, सुरकुतलेली कातडी. तिथे जखम दिसत नाही, पण कातडीचा बंदोबस्त सैल झालेला असतो. म्हणजे अर्धा तास गळ टाकून येणारा आणि सकाळपासून मांडीभर पाण्यात जाळं ओढणारा, यांचा धोका सारखा नाही.

यावरचं उत्तर म्हटलं तर गमबूट. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट कोणत्याही शेती-अवजाराच्या दुकानात मिळतात. पण खरं बोलायचं तर वाहत्या पाण्यात गमबूट भरतो, जड होतो आणि माणसाला ओढतो. बंधाऱ्याखाली धार असते तिथे तो घालून उतरणं म्हणजे एका धोक्याच्या बदल्यात दुसरा, आणि दुसरा मिनिटात जीव घेतो. खाचरात, ओढ्यात, खेकडे धरताना गमबूट. धारेत उतरायचंच नाही, काठावरून गळ किंवा जाळं टाकायचं. पायाला भेग, खरचटणं, नखुरडं असेल तर त्या दिवशी पाण्यात जाणं टाळावं. जायचंच तर जखम धुऊन, कोरडी करून पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकावी. घरी आल्यावर आधी साबणाने पाय धुऊन कोरडे करायचे, मासे नंतर. हा क्रम आपल्याकडे हमखास उलटा होतो.

प्रतिबंधाची गोळीही आहे. १९८२ साली पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्याला एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिलं, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्यांत २० जणांना लेप्टो झाला, औषधवाल्यांत एकाला. पुराच्या पाण्यात रोज काम करणाऱ्यांना आरोग्य खातं ही गोळी देतं ती याच आधारावर. पण हौसेने मासे धरायला जाणाऱ्याने दुकानातून आणून स्वतःच गिळायची ही वस्तू नव्हे. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही, आणि अँटिबायोटिकची उधळपट्टी आपल्याकडे आधीच पुष्कळ झाली आहे. धोका मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी.

एवढं करूनही ताप आला तर? पाण्यात उतरल्यापासून बहुधा ५ ते १४ दिवसांत येतो, क्वचित महिन्याने. अचानक चढतो, डोकं फुटतं, अंग मोडून येतं. यात दोन खुणा बघण्यासारख्या. एक, पोटऱ्या आणि कंबर इतकी दुखते की पोटरीला नुसता हात लावला तरी माणूस ओरडतो. दुसरी, डोळे लालभडक होतात पण चिपडं येत नाहीत. चार-पाच दिवसांनी ताप उतरल्यासारखा वाटतो, माणूस कामाला लागतो, आणि काही जणांत तो दुसऱ्या फेरीला कावीळ, लघवी कमी होणं, धाप, थुंकीतून रक्त घेऊन परततो. पहिल्या पाच दिवसांत नेमकं अँटिबायोटिक पडलं तर हा आजार बहुतेकदा साध्यावर निभावतो. उशीर झाला की मूत्रपिंड आणि फुप्फुसं अडचणीत येतात.

गोची अशी की पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, साधा फ्लू, सगळ्यांची सुरुवात थोडीफार अशीच. डॉक्टरांच्या खोलीबाहेर चाळीस माणसं बसलेली असताना त्यांना लेप्टोची आठवण व्हायला एक वाक्य लागतं: "मी दहा दिवसांमागे मासे धरायला पाण्यात होतो." हे वाक्य पेशंट बोलत नाही, कारण त्याला त्याचा तापाशी संबंध वाटत नाही. सीमाभागात तर त्यात आणखी एक वळण. निपाणीचा माणूस कधी कोल्हापूरला जातो, कधी बेळगावला. पहिल्या दिवशी गावात सुई घेतो, चौथ्या दिवशी शहरात नवा केसपेपर काढतो. प्रत्येक ठिकाणी पाण्याची गोष्ट पुन्हा सांगावी लागते. आणि अंगदुखीवर डायक्लोफेनॅकची सुई मागून घ्यायची सवय या तापात महागात पडू शकते, कारण त्या जातीची औषधं मूत्रपिंडावर बोजा टाकतात. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलवर भागवावं.

पुराच्या वर्षी हे सगळं दुपटीने खरं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. कारदगा-भोज, अक्कोळ-सिदनाळ हे बंधारे तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. बेळगावात बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरतो. तो शहराचं सांडपाणी घेऊन वाहणारा नाला आहे, हे विसरून चालत नाही. पूर ओसरताना शिवारातल्या खड्ड्यांत मासे अडकतात आणि पोरं बुट्ट्या घेऊन धावतात. साचलेलं, उबदार, गुरांच्या शेणा-मुताने भरलेलं पाणी. लेप्टोस्पायराला यापेक्षा चांगलं घर कुठलं मिळणार? पोरांना तिथून हाकलणं हे त्या आठवड्यातलं सगळ्यात उपयोगी काम.

बोटाचं प्रकरण वेगळं. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागचा काटा, चिलापीच्या पाठीवरचा पंखा, खेकड्याची नांगी, गळाचं टोक. मासे धरणाऱ्याच्या हाताला कधी ना कधी टोचतंच. अशा टोचण्यातून गोड्या पाण्यातला जो जंतू सगळ्यात झपाट्याने वाढतो त्याचं नाव एरोमोनास. नदी, तळं, डबकं, सगळीकडे तो असतो. माशांच्या अंगावर जखमा करतो, बेडकांना त्याच्यामुळे पाय लाल पडणारा रोग होतो. जळूच्या पोटात तर तो कायमचा भाडेकरू आहे. तिने प्यालेलं रक्त पचवायला मदत करतो. खानापूरच्या खाचरात पायाला जळू लागली आणि ती ओरबाडून काढली की जखमेत काय राहत असेल याचा अंदाज यावरून करावा. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये चिखल-पाण्याने माखलेल्या जखमांतून डॉक्टरांना जे जंतू वारंवार सापडले त्यांत हा ठळक होता.

निरोगी माणसाला त्याचा फारसा उपद्रव नाही. पण टोचल्यावर एक-दोन दिवसांत बोट सुजून लाली मनगटाकडे सरकू लागली, दुखणं जखमेच्या आकाराच्या मानाने भलतंच जास्त वाटलं, फोड आले किंवा ताप भरला, तर सकाळची वाट बघू नये. मधुमेह असणारे, दारूने यकृत बिघडलेले, स्टेरॉइडवर असलेले यांनी तर मुळीच नाही. नदीकाठच्या पार्टीत हे तिन्ही प्रकार एकाच घोळक्यात भेटतात, हे सांगायला नको. एरोमोनासवर ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. त्यामुळे घरात उरलेली पाकिटं काढून खाण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना 'नदीत काटा लागला' हे सांगितलं तरच ते दुसरं औषध निवडतील.

टोचल्याबरोबर करायचं ते अगदी साधं. हातातला मासा खाली ठेवायचा आणि साबण लावून स्वच्छ वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं जखम धुवायची. नदीच्या पाण्याने नव्हे; जवळ बाटलीतलं पिण्याचं पाणी असतंच. काट्याचा तुकडा आत राहिलाय का बघायचं. धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते आठवायचं. आमच्याकडे जखमेवर तंबाखूची चिमूट दाबायची जुनी खोड आहे. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात दुसरं काय हाताशी येणार! रक्त थांबल्यासारखं वाटतं खरं, पण कारखान्याच्या, खिशाच्या आणि बोटांच्या धुळीसकट ती पूड आपण जखमेत भरत असतो. हळदीचंही तेच.

एक सावकाश चालणारा चोरही आहे. काटा लागून गेलेला असतो, जखम भरलेली असते, आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच बोटावर न दुखणारी गाठ येते. चामखीळ समजून माणूस महिनोन्महिने दुर्लक्ष करतो. क्षयाच्या जंतूचा हा चुलतभाऊ, मायकोबॅक्टेरियम मरायनम. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांतून ॲरन्सन यांनी तो १९२६ साली वेगळा काढला. त्याला ३० ते ३३ अंशांची ऊब मानवते, शरीराच्या आतली ३७ अंशांची नाही. म्हणून तो हाता-पायांच्या थंड कातडीतच अडकून राहतो, आत सहसा उतरत नाही. बरा होतो, पण औषध काही महिने घ्यावं लागतं. घरात माशांची काचपेटी पाळणाऱ्यांनाही तो होतो, तेव्हा उघड्या जखमेचा हात पेटीत घालू नये.

आता ती पिशवी.

जिवंत माशाचं मांस आतून निर्जंतुक असतं. जंतू असतात ते अंगावरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यात आणि आतड्यात. मासा मेला की पहारा उठतो आणि हे तिन्हीकडचे जंतू आत सरकू लागतात. उबेत त्यांची संख्या वीस-पंचवीस मिनिटांना दुप्पट होऊ शकते. बंद प्लास्टिक पिशवी, आत थोडं नदीचं पाणी, वर ऊन किंवा इंजिनाची धग, आणि वाटेत चहाला थांबलेले मित्र: जंतूंना याहून जास्त काही लागत नाही. मरळ पकडणारा भोई तिला पाण्याच्या घागरीत जिवंत ठेवून बाजारात आणतो, त्यामागे हेच शहाणपण. मरळ, मागूर हे मासे हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे थोड्या पाण्यात तासन्‌तास जगतात. ज्यांना हे जमत नाही त्या रोहू-कटल्यासाठी बर्फ. वजनाला वजन, म्हणजे किलोभर माशाला किलोभर बर्फ, आणि तोही पिण्याच्या पाण्याचा. बर्फ नसेल तर निदान ओलं पोतं, सावली आणि हवा. आतडी, कल्ले जितक्या लवकर निघतील तितकं बरं. मात्र नदीच्याच पाण्यात मासा साफ करून आणणं म्हणजे आंघोळ करून पुन्हा चिखलात बसणं.

घरात विळी. जिच्यावर मासा चिरला तिच्यावरच पाणी मारून कांदा-कोथिंबीर चिरली तर पातेल्यातल्या उकळीचा काय उपयोग? कोथिंबीर तर वरून कच्ची पडते. पोटाचे बिघाड अनेकदा मासा कच्चा राहिल्याने नव्हे, या वाटेने होतात. खेकड्याच्या नांग्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटून रस गाळतात, तिथेही तेच: रस उकळतो, भांडं तसंच राहतं. आधी भाजी चिरावी, मग मासा, मग विळी साबणाने घासावी. मीठ, हळद, लिंबू चोळून ठेवल्याने मासा 'निर्धोक' होत नाही, चविष्ट होतो. तो वेळ त्याने फ्रिजमध्ये काढावा. दुसऱ्या दिवशीच्या कालवणाची चव काही औरच, हे मीही मान्य करतो. पण एरोमोनाससारखे जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतात. रात्रीचं कालवण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेलं असावं आणि सकाळी त्याला पुन्हा खळखळून उकळी यावी. कोमट करून भागत नाही.

काठावर निखाऱ्यात भाजलेल्या माशाचं मात्र कौतुक जपून करावं. बाहेरून करपतो, आत कण्याजवळ काचेसारखा अर्धपारदर्शक राहतो. काट्याला धरून उचलल्यावर मांस पांढरं आणि सुटं निघालं पाहिजे. चिकटून आलं तर परत निखाऱ्यात.

उकळीने न सुटणारी एक गोष्ट आहे आणि ती नदीतली नाही, घाट चढून येते. वेंगुर्ला, मालवण, गोवा, कारवारचा बांगडा चोर्ला किंवा आंबोलीवरून बेळगाव-निपाणीच्या बाजारात पोचतो. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. वाटेत बर्फ कमी पडला तर जंतू त्याचं हिस्टामाइन करतात. जंतू नंतर उकळीत मरतात, हिस्टामाइन मरत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. माणूस म्हणतो, मला बांगड्याची ॲलर्जी आहे, आणि जन्मभर बांगडा सोडतो. बिचाऱ्या बांगड्याचा दोष नसतो, बर्फाचा असतो. जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर तो घास तिथेच थांबवावा. २०१८ साली गोव्यात मासा टिकवण्याच्या फॉर्मेलिन या रसायनाचा गाजावाजा झाला, बाहेरच्या माशावर बंदी आली, तेव्हा सगळ्यांनी फॉर्मेलिनचा धसका घेतला. वितळलेल्या बर्फाची चर्चा मात्र फारशी कुणी केली नाही.

तहानेचंही सांगायला हवं, कारण दिवसभर काठावर बसलेला माणूस शेवटी ओंजळ भरतोच. पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना चिकटून राहतो. रिटा कोलवेल आणि त्यांच्या बांगलादेशातल्या सहकाऱ्यांनी जुनी साडी चौपदरी करून पाणी गाळायला लावलं, तेव्हा पटकीचे रोगी जवळपास निम्म्याने घटले. हा अभ्यास २००३ साली छापून आला. जुनी साडीच, कारण वापराने तिचे धागे फुगून भोकं बारीक होतात. जंतू एकेकटा असेल तर तो अशा कापडातून पार होतो, म्हणून घरून बाटली नेणं हेच खरं. पण आजीच्या माठावरचं फडकं अगदीच भाबडं नव्हतं.

दिवाळीच्या आसपास बरगे पुन्हा बसतात, पाणी तुंबतं, निवळतं. थंडीत कधी कधी मरळीच्या अंगावर लाल खोल जखमा दिसू लागतात. १९८८ पासून भारतभर पसरलेला हा व्रणांचा रोग मुळात एका बुरशीसदृश जीवामुळे होतो, पण उघड्या जखमेत एरोमोनास आणि त्याची मंडळी लगेच शिरतात. माणसाला मूळ रोग लागत नाही. तरी जखम कापून टाकून उरलेला मासा खाण्याची काटकसर कशाला? तो उघड्या हाताने हाताळूही नये.

उन्हाळ्यात गोष्ट वेगळीच होते. पंचगंगेत प्रवाह थांबतो, मळी-सांडपाणी उतरतं, आणि शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात. हेच पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळून पुढे कर्नाटकात शिरतं. पाण्यातली घाण कुजवताना जंतू प्राणवायू संपवतात. रात्री पाणवनस्पतीही तो वापरतात, म्हणून मासे पहाटे तोंड वर काढून हवेला झोंबतात. अशा पहाटे मासा हाताने उचलता येतो आणि लोक पोती भरतात. काही मासे त्या क्षणी जिवंतही असतात. पण तो गुदमरला की एखाद्या रसायनाने झिंगला, हे काठावरून सांगता येत नाही, आणि रसायनाला उकळीचं भय नसतं. तरंगणारा मासा कधी मेला हेही कुणाला ठाऊक नसतं.

त्या दिवशी आसपासच्या बाजारात नदीचा मासा अचानक स्वस्त झालेला दिसला तर कल्ला उचलून बघावा. ताज्याचा कल्ला लालभडक आणि ओला, शिळ्याचा विटकरी किंवा राखाडी, चिकट. डोळा फुगीर आणि स्वच्छ की बसलेला आणि धुरकट, पोट दाबल्यावर बोटाचा खड्डा भरून येतो की तसाच राहतो. विकणाऱ्याने टोपलीवर कितीही पाणी मारलं तरी कल्ल्याचा रंग परत येत नाही.